तुम्ही आधी आला होतात

३ जून

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार या वेळी घालत नाही. तुझ्या पायांवर डोकं ठेवायची आत्ता माझी तयारी नाही, आणि डोकी तुला भरपूर मिळतात.

फोनवर ओरडलो म्हणून तू फोन ठेवलास. वर बाबांकडे निरोप दिलास, त्याला म्हणावं लिही, लिहिताना माणसाला मध्ये श्वास तरी घ्यावा लागतो. ठीक आहे. श्वास घेऊन लिहितो, राग तोच आहे.

परवा मी चष्मेवालीला तुझ्या इस्पितळात घेऊन आलो, कारण झटक्यांच्या आजारातलं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही असं आपलं सगळं घर सांगतं. तिची आई तिच्या शेजारी बसली, मी मागच्या खुर्चीत. झटका यायच्या आधी काही वेगळं वाटतं का, असं तू विचारलंस. ती म्हणाली, हो, समोर जो कोणी असेल तो एकदम फार जुना ओळखीचा वाटतो, इतका की पोटातून काहीतरी वर येतं आणि डोळे भरतात, मग पुढचं आठवत नाही. तू मान डोलावलीस. म्हणालीस, "झटक्याची सुरुवातच ती." आणि पेनाला टोपण लावलंस.

आत्या, तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस.

आता ऐक. दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या सरांशी माझी जुंपली आणि त्यात चष्म्याची दांडी निखळली. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरमागे ही, हातात सुईएवढा स्क्रूड्रायव्हर. स्क्रू बसवता बसवता तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही आधी आला होतात ना. किती वेळा." डोळ्यांत पाणी. मी त्या दुकानात जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, हो. तिने त्या आवाजात काहीही विचारलं असतं तरी मी होच म्हणालो असतो. मग ती बोलायची थांबली, ओठ चावायला लागली, काच पुसायचं फडकं बोटांनी चुरगाळायला लागली. मला वाटलं लाजली. दुकानाच्या मालककाकांनी अलगद तिच्या मागे खुर्ची सरकवली. मला वाटलं काय प्रेमळ मालक आहे.

पुढच्या आठवड्यात चष्म्याची दुसरी दांडी मी माझ्या हाताने मोडली. आणि तुम्ही सगळे समजता मी कॉलेज त्या सरांमुळे सोडलं. दुकानाची वेळ आणि तासांची वेळ एकच होती, एवढंच. आज कुरियरच्या ऑफिसात पार्सलं उचलतो त्याचा मला पश्चात्ताप नाही. मला वाटायचं, एका माणसाने मला बघताक्षणी ओळखलं, आणखी काय शिकायचं राहिलं.

आता सांग, मी कोण? झटक्याची सुरुवात?

वर तू तिला म्हणालीस, उजव्या कानाच्या वर, आत, अंगठ्याएवढा भाग काढता येईल, मग बहुतेक झटके थांबतील. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली. परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली, आणि मी रात्रभर त्या डोक्याकडे बघत राहिलो. त्या अंगठ्याएवढ्या तुकड्यात मी आहे, आत्या. तू मला कापून बाटलीत ठेवणार आहेस.

तुझा,
काडेपेटी
(नाव तुम्हीच ठेवलंत, आता भोगा.)


११ जून

चि. काडेपेटीस,

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या तोंडावर अवलंबून नाहीत.

मागे वळून पाहिलं नाही, कारण रोगी समोर होती. तुला बाहेर बसवायला हवं होतं, तेवढं चुकलं. बाकी माझं मागे घेण्यासारखं काही नाही.

तीस वर्षं मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे. सुरुवात एका तळघरात झाली. उंदराच्या मेंदूची कागदासारखी पातळ चकती, बशीत जिवंत ठेवलेली, तिच्यात केसाहून बारीक तार. दिवसभर पेशींची बडबड ऐकायची. शहाणा मेंदू म्हणजे भरलेला बाजार असतो, ज्याचं त्याचं ओरडणं वेगळं. म्हणून त्याच्या रेषा वेड्यावाकड्या येतात. झटक्यात सगळा बाजार एका सुरात एकच शब्द ओरडायला लागतो. रेषा तेव्हा इतक्या शिस्तीच्या दिसतात की नवख्याला वाटावं, बरं चाललंय. माझे मार्गदर्शक म्हणायचे, हे सगळीकडे एकदम सुरू होतं. मी म्हणायचे, नाही, कुठल्यातरी कोपऱ्यात चार टवाळ आधी सुरुवात करतात आणि बाकीचे त्यांच्या नादी लागतात. त्यांनी माझा प्रबंध दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा मी तोच पाठवला, फक्त तारीख बदलून. तेव्हा राग आपल्या घरात तुझ्याच वाट्याला आलाय या भ्रमात राहू नकोस.

चष्मेवालीच्या डोक्यातले चार टवाळ बहुधा अशा जागी बसलेत, जिथे चेहऱ्यावर "ओळखीचा" असा शिक्का मारला जातो. झटका सुरू झाला की ते शिक्का उचलतात आणि समोर दिसेल त्याला मारतात. त्या दिवशी तू सापडलास. इतर दिवशी पोस्टमन सापडला असेल. शिक्का खोटा होता. त्यानंतर दोन वर्षं ती तुझ्याशी का बोलते, हे मला माहीत नाही. माझ्या कुठल्याच तारेत ते दिसत नाही.

तिचा पुढचा अर्धा दात पाहिला आहेस? झटक्यात एका दयाळू गिऱ्हाइकाने तिच्या तोंडात चमचा कोंबला. उद्या रस्ता ओलांडताना झटका आला तर दातावर भागणार नाही. तू प्रेमाच्या गोष्टी लिहितोस आणि मला तो दात दिसतो.

पण कापण्याआधी टवाळ नक्की कुठे बसलेत हे दिसलं पाहिजे. त्यासाठी रोग्याला पलंगावर ठेवतात, डोक्याला तारा चिकटवतात, औषध उतरवत नेतात आणि झटक्याची वाट बघतात. हो, वाट बघतात. जवळ घरचं एक माणूस लागतं, सुरुवात दिसली की बटण दाबायला. तिची आई झटका आला की डोळे झाकते. डोळे झाकणारं माणूस बटण काय दाबणार. चष्मेवालीने तुझं नाव सांगितलंय. मला पसंत नाही, पण रोगी ती आहे.

२ जुलैला या. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन डॉक्टरकी करू नकोस. बटण दाब.

आत्या


६ जुलै, तुझ्याच वॉर्डाच्या बाकावरून

आत्या,

एकाच इमारतीत राहून पत्र लिहावं लागतंय. तू दिवसातून एकदा येतेस, पडद्यावरच्या रेषा बघतेस, मी तोंड उघडलं की "लिही" म्हणून निघून जातेस. हे सिस्टरांच्या हाती देतोय.

तुझा धंदा मला आता कळला. बाकीची इस्पितळं दुखणं जावं म्हणून असतात, तुमचं यावं म्हणून. सकाळी सिस्टर दारातून विचारतात, "आला का?" जसा काही स्टेशनवरून पाहुणा यायचाय. सफाईवाली विचारते. शेजारच्या पलंगावरचे आजोबा विचारतात, वर सांगतात, मला तर पहिल्याच दिवशी आला होता. एक माणूस औषधाविना टांगून ठेवायचा, कॅमेरा लावायचा आणि त्याच्या वाईटावर टपून बसायचं, याला तुम्ही संशोधन म्हणता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. बटण हातात धरून धरून तळव्याला घाम येतो, आणि मनात म्हणतो, मेलो तरी दाबायची वेळ येऊ नये.

आणि आलीच नाही. तारा लावल्यापासून एकही झटका नाही. डोक्याला पांढरं बँडेज, त्यातून तारांची वेणी, त्या चिकट लेपाचा वास, अशा अवस्थेत ती मस्त मांडी घालून बसते. सिस्टरांना तासातासाला विचारते, "रेषा ठीक आहेत ना?" त्या म्हणतात, वेड्यावाकड्या आहेत, म्हणजे ठीक. मग ती माझ्याकडे बघते. नुसती बघत राहते, जशी दुकानात काचेवर ओरखडा आहे का बघते तशी. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही, बोल तू. मी बोलतो. काल माझ्या बोलण्यावरून भांडणही झालं. मी म्हणालो, शस्त्रक्रिया करू नकोस. ती म्हणाली, डोकं माझं आहे, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

माझं मत विचारशील तर ती बरी झाली आहे. तुझ्याशिवाय, तुझ्या सुरीशिवाय. हे तुला झोंबणार, पण लिहून ठेवलेलं बरं.

काडेपेटी


८ जुलै

हे वाचायला तुला मायना लागणार नाही.

झटका येत नाही म्हणून काल तिचं रक्त तपासलं. आम्ही औषध जवळजवळ बंद केलं होतं. रक्तात ते नेहमीच्या मात्रेपेक्षाही जास्त निघालं. तिच्याजवळ चोवीस तास एकच माणूस होता, आणि शस्त्रक्रिया होऊ नये असं त्याने मला लेखी कळवलेलं आहे.

तू काय केलंस ते कळतंय का तुला? त्या पाच दिवसांची नोंद निकामी झाली. तो पलंग मिळावा म्हणून एक बाई आपल्या मुलीला घेऊन थांबली होती, तिला मी पुढच्या महिन्याची तारीख दिली. ज्या बैठकीत सगळे डॉक्टर मिळून शस्त्रक्रियेचं ठरवतात, तिथून चष्मेवालीचं नाव मी आज काढून घेतलं. आणि मात्रा थोडी आणखी चढली असती तर ती शुद्धीवर राहिली नसती. तीस वर्षांत माझ्या वॉर्डात रोगी चिडले, पळाले, एकाने तारा उपटून माझ्या अंगावर फेकल्या. प्रेमाने विष घालणारा तू पहिला.

मला तोंड दाखवू नकोस. गोळ्या तू दिल्यास का, एवढं कळव. एका शब्दात.


९ जुलै

हो.

एका शब्दात सांगायला सांगितलंस, पण तेवढ्यावर माझं भागत नाही. कुठून आणल्या, कशातून दिल्या, हे विचारू नकोस, सांगणार नाही. तिला यातलं काही माहीत नाही. दादाच्या पोराचं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस, वॉर्डाच्या दारावर माझा फोटो लावून ठेव. पण शिक्षा मला दे. तिचं नाव बैठकीत परत घाल. मी कितीही तोंड वाजवलं असलं तरी हे लिहितोय ते खरं आहे: तिला शस्त्रक्रिया हवी होती.

काडेपेटी


१५ जुलै

मॅडम,

मी चष्म्याच्या दुकानातली, तुमच्या सात नंबरच्या पलंगावरची. कालच मला तुमच्या भाच्याकडून कळलं की गोळ्या त्याने दिल्याचं त्याने कबूल केलंय. त्याने दिल्या नाहीत. मी घेतल्या. माझ्या पिशवीत चष्म्याची डबी होती, तिच्यात. मी चष्मा लावत नाही, पण चष्म्याच्या दुकानातल्या मुलीकडे डबी असली तर कोणी उघडून बघत नाही. त्याने बघितली असणार.

मला राग आलाय, आणि तो कोणावर किती हे वाटून घेता येत नाही.

तुम्ही त्या दिवशी "सुरुवातच ती" म्हणालात, तेव्हा मागे बसलेल्याचं काहीतरी गेलं. तो ते सगळ्या जगाला सांगत सुटलाय. माझंही गेलं, हे कोणी विचारलं नाही. दोन वर्षं मी ज्याला माझं वाटणं समजत होते ते माझं की रोगाचं, हे मला आधी कळायला नको? तुकडा काढल्यावर कळून काय उपयोग?

घरी ते कळत नाही. माझे काही झटके इतके बारीक असतात की माझे मलाच समजत नाहीत. आत्ता जे वाटलं ते खरं की त्यातलं, याचा भरवसा नसतो. तुमच्या पलंगावर होता. डोक्याला तारा, समोर पडदा, शेजारी तोच माणूस. सिस्टर म्हणाल्या रेषा वेड्यावाकड्या आहेत, की मला कळायचं, या घडीला जे वाटतंय ते माझं स्वतःचं आहे. फक्त झटका येऊ द्यायचा नव्हता. नेहमीच्या गोळ्यांनी तो थांबत नाही, म्हणून जास्त घेतल्या. काही झालं तर तुम्ही होतात. चूक केली. त्या मुलीचा पलंग अडवला, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

काय कळलं तेही सांगते. त्या पाच दिवसांत तो मला एकदाही ओळखीचा वाटला नाही. नखं दातांनी कुरतडतो. चहा आणतो तो निम्मा बशीत. स्वतःच्या भांडणाच्या गोष्टी सांगताना दोन्ही बाजूंचे आवाज स्वतःच काढतो, आणि समोरच्याचा आवाज नेहमी बोकडासारखा. बसमध्ये शेजारी बसलेला परका माणूस असतो, तसा वाटला. आणि हा परका माणूस चहा आणायला खाली गेला की मी दाराकडे बघत बसायचे. दुसरीकडे बघून पाहिलं, जमलं नाही. रेषा तेव्हाही वेड्यावाकड्याच होत्या, मी विचारून घेतलं होतं.

हे दुसरं, दाराकडे बघण्याचं, त्याला सांगू नका. माझ्या चुकीवर स्वतःचं नाव घालायला त्याला कोणी सांगितलं होतं? चूक माझी, मालकीण मी. पुन्हा पलंग मिळेल की नाही, ते मला कळवा. त्याला नको, आईला नको.


२२ जुलै

चि. काडेपेटी,

तू खोटं बोललास. वर एका शब्दात, लेखी बोललास. शास्त्रज्ञाला पुरावा हवा असतो, मी तर तुझ्या स्वभावालाच पुरावा धरून मोकळी झाले. याबद्दल मला माझाच संताप आलाय, तेव्हा तू त्यात भर घालू नकोस.

तिचीही मी फोनवर कडक हजेरी घेतली. जास्तीच्या गोळ्या म्हणजे पोरखेळ नव्हे. ती शांतपणे ऐकत होती, शेवटी म्हणाली, "झालं? मग पलंगाचं सांगा." ऑगस्टमध्ये पलंग देतेय. बटण दाबायला या वेळी सिस्टर असतील.

तिने मला काय लिहिलं हे तुला सांगणार नाही. एवढंच सांगते, माझ्या यंत्रावर तिने स्वतःचा प्रयोग केला, आणि माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा नीट केला. निकामी म्हणून ती नोंद मी पुसणार होते. ठेवली आहे. काल बसून पुन्हा पाहिली. तू दारातून आत येतोस तेव्हा तिच्या रेषांना काय होतं, माहीत आहे? विशेष काही नाही. बाजार चालू राहतो.

आत्या


२० ऑगस्ट

आत्या,

डबी मला ते बाकावरचं पत्र दिल्यावर दिसली होती. मला वाटलं, तोंडाने शस्त्रक्रिया हवी म्हणते, पण मला डोक्यात ठेवायचं म्हणून ती गोळ्या घेतेय, शस्त्रक्रिया टळावी म्हणून. छाती फुगली होती माझी. मग हो म्हणायला कितीसा वेळ लागतो.

काल फोन करून तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाच दिवसांत तू मला एकदाही ओळखीचा वाटला नाहीस." आणि म्हणाली, मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस, बोलावलं नाही तर शस्त्रक्रिया झाल्यावर तीन महिने तरी येऊ नकोस. फोन ठेवला. तुमच्या दोघींना फोन ठेवायचं शिक्षण एकाच शाळेत मिळालंय का?

तुला झटके मिळाले असतील. रेषा मिळाल्या असतील. अभिनंदन. मी आज ऑफिसात "काळजीपूर्वक हाताळा" असं लिहिलेलं पार्सल भिंतीवर आपटलं. आत उशी होती.


२९ ऑगस्ट

चि. काडेपेटी,

शस्त्रक्रिया १२ सप्टेंबरला. येऊ नकोस, हे तिचं म्हणणं, माझं नव्हे. तुला बरं वाटेल असं काहीतरी माझ्यापाशी आहे, पण ते माझ्या मालकीचं नाही.

तीस वर्षांत मला एकच विद्या आली, वाट बघण्याची. ती तू आता शीक.

आत्या


१७ डिसेंबर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. या वेळी घालतो, पण शेवटपर्यंत वाच, मग घ्यायचा की नाही ठरव.

तीन महिने मी त्या रस्त्यावरून गेलो नाही. कामाला जायला उलटा वळसा घालत होतो. झटका आलेला नाही, औषधं अजून काही वर्षं चालतील, नावं आठवायला तिला जरा वेळ लागतो, एवढं तू बाबांना सांगायचीस आणि ते मला जेवताना भिंतीकडे बघत सांगायचे. मला काहीच विचारायचं नव्हतं. कालपर्यंत माझं ठरलं होतं की बाटलीत गेलो.

काल ऑफिसात साहेबांशी वाजलं. चष्मा काढून टेबलावर आपटला, दांडी निखळून पडली. या वेळी मुद्दाम नव्हतं, शपथ. गावात दुसरी चष्म्याची दुकानं नाहीत का? आहेत. पाय तिकडेच गेले.

कानावर केस बोटभर वाढलेत, खाली आकड्यासारखा वण. दात नवा बसवलाय. माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा. नंबर आला की सांगते." माझ्या आधी एक आजी होत्या, त्यांना प्रत्येक फ्रेममध्ये त्यांची नणंद दिसत होती. मी बाकावर बसून उकळत होतो. एवढ्या वर्षांत त्या दुकानात मी कधी नंबर लावला नव्हता.

मग माझी पाळी. तिने चष्मा घेतला, तो सुईएवढा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मान वर केली. बघत राहिली. मालककाकांचा हात सवयीने खुर्चीकडे गेला. तिचे डोळे कोरडे होते, हात जागच्या जागी. काकांनी खुर्ची परत ठेवली.

ती म्हणाली, "पहिल्यांदाच आलात का?"

माझ्या डोक्यात अशी राख गेली म्हणून सांगू. वाटलं ओरडावं, दोन वर्षं, आत्याचा वॉर्ड, बटण, ती डबी, सगळं काउंटरवर ओतावं. तोंड उघडलंही होतं. पण ती वाट बघत होती, आत्या. तू पडद्याकडे बघतेस तशी. मी कोण ते तिला माहीत होतं, उत्तर काय येईल ते मात्र खरंच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, हो.

त्याच काउंटरवर दोन्ही वेळा हो म्हणालो. पहिल्यांदा खोटं होतं.

तिने पावतीवर घालायला नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मग लिहिलं. चष्मा खणात टाकला आणि म्हणाली, "दांडी नवी लागेल. मंगळवारी या."

नवी दांडी लागत नव्हती, आत्या. नुसता स्क्रू पडला होता, तो माझ्या मुठीत होता आणि तिने तो पाहिला होता. अर्ध्या मिनिटाचं काम. मंगळवारपर्यंत मी आंधळ्यासारखा भिंतींना धडकत फिरणार, पार्सलांवरचे पत्ते नाकाला लावून वाचणार, आणि या मुलीला त्याचं काही नाही. इतका राग आलाय की रात्री झोप नाही.

हे पत्र चष्म्याशिवाय लिहितोय. ओळी वेड्यावाकड्या आल्या असतील. तुझ्या हिशेबाने म्हणजे ठीकच.

तुझा,
काडेपेटी